आधी गरज जाणावी

घर बांधावयाचे ठरले म्हणजे गवंडी प्रथम वीट हाती घेत नाही. घरात माणसे किती, त्यांत वृद्ध कोण, स्वयंपाकघरात उजेड कोणत्या बाजूने यावा, पाण्याची सोय कोठे आहे, या गोष्टींची आधी चौकशी होते. मग नकाशा निघतो आणि त्यानंतर पाया खणला जातो. शिंपीही माप घेतल्यावाचून कापडास कात्री लावीत नाही. हा व्यवहार आपणां सर्वांच्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्याविषयी मुद्दाम काही सांगावे असे कोणास वाटणार नाही. तथापि आजच्या युगातील एका मोठ्या उद्योगात, म्हणजे संगणकासाठी सॉफ्टवेअर तयार करण्याच्या कामात, हाच साधा नियम जाणत्या लोकांकडूनही मोडला जातो आणि त्याची जबर किंमत मोजावी लागते. तो का मोडला जातो आणि मोडू नये म्हणून काय करतात, हे या लेखात पाहावयाचे आहे.

संगणकाकडून काम करवून घेण्यासाठी त्यास ज्या आज्ञा क्रमवार लिहून द्याव्या लागतात, त्या आज्ञांच्या समूहास सॉफ्टवेअर म्हणतात. संगणक अत्यंत आज्ञाधारक असतो. परंतु तो समजूतदार नसतो. घरातील नोकरास ‘पाणी आण’ म्हटले, तर ते पिण्याचे हवे की सडा घालण्याचे, हे तो प्रसंग पाहून ओळखतो. संगणकास असा प्रसंग ओळखता येत नाही. म्हणून त्याने काय करावे, किती वेळात करावे, काय कधीही करू नये, हे सारे मनुष्यानेच आधी निश्चित करावे लागते. अशा प्रत्येक निश्चित अपेक्षेस या क्षेत्रातील लोक ‘रिक्वायरमेंट’ म्हणतात. आपण तिला ‘गरज’ असे म्हणू. या गरजा शोधून गोळा करणे हे पहिले काम, आणि काम चालू असताना व नंतरही त्या नीट सांभाळणे हे दुसरे. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात असे प्रतिपादन केले की, सॉफ्टवेअर बांधण्यातील सर्वांत कठीण भाग म्हणजे नेमके काय बांधावयाचे ते ठरविणे हा होय. त्यानंतर कितीतरी वर्षे लोटली, पण हे मत खोटे ठरलेले नाही.

येथे अशी शंका येईल की, ज्याला वस्तू हवी त्याला विचारले म्हणजे झाले. यात कठीण ते काय? एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एखाद्या शाळेच्या ग्रंथालयासाठी सॉफ्टवेअर करावयाचे आहे. ग्रंथपाल सांगतात, “पुस्तकांची देवघेव संगणकावर व्हावी.” वाक्य पूर्ण आहे आणि अर्थही उघड आहे. परंतु आज्ञा लिहू लागताच प्रश्नांची रांग उभी राहते. एका विद्यार्थ्यास एका वेळी किती पुस्तके मिळतात? शिक्षकांस निराळा नियम आहे काय? एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असल्या तर प्रत्येकीस निराळा दाखल क्रमांक आहे ना? मुदत दिवाळीच्या सुट्टीत संपली तर दंड धरावा की न धरावा? तो माफ करण्याचा अधिकार कोणाचा? पुस्तक हरवले तर किंमत छापील घ्यावी की आजची? वीज गेली असता देवघेव कशी चालावी? शिवाय आपल्यासारख्या बहुभाषी नगरांतील शाळांत मराठी, हिंदी, इंग्रजी आणि त्या त्या प्रांताच्या भाषेतील पुस्तके एकाच कपाटात नांदतात. मग ग्रंथाचे नाव कोणत्या लिपीत नोंदवावे, आणि यादी वर्णानुक्रमाने लावताना कोणता वर्णक्रम पाळावा?

ग्रंथपालांनी हे सांगितले नाही, ते काही लपविण्यासाठी नव्हे. वीस वर्षे रोज जे हाताखालून जाते, ते सांगण्यासारखे आहे असे मनुष्यास वाटतच नाही. दुसऱ्या बाजूस, आज्ञा लिहिणाऱ्यास यांतील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. कारण उत्तरावाचून यंत्र पुढे जात नाही. त्याने विचारले नाही, तर तो स्वतःच्या मनाने काहीतरी गृहीत धरतो. हे गृहीत कोणी पाहिलेले नसते, कोणी मान्य केलेले नसते. ते सॉफ्टवेअरच्या पोटात निमूटपणे बसून राहते आणि नेमक्या अडचणीच्या दिवशी बाहेर पडते. गवंड्याने चुकीच्या जागी दार ठेवले, तर येणाजाणारास ते त्याच दिवशी दिसते. सॉफ्टवेअरमधील चुकीचे दार असे दिसत नाही, हा दोहोंतील मोठा भेद होय.

यास्तव गरजा गोळा करणारा केवळ विचारून थांबत नाही. तो ग्रंथपालांशेजारी दिवसभर बसून काम पाहतो. जुन्या नोंदवह्या चाळतो, कारण वहीच्या समासात लिहिलेल्या बारीक टिपा पुष्कळदा नियमांहून अधिक बोलतात. ग्रंथपालांप्रमाणेच तो पुस्तके नेणाऱ्या मुलांस, वर्षअखेरीस पुस्तकांची मोजदाद करणाऱ्या शिपायास आणि हिशेब तपासणाऱ्या मुख्याध्यापकांसही भेटतो. मग एक कच्चा नमुना, प्रसंगी केवळ कागदावर काढलेला, सर्वांपुढे ठेवतो. काय हवे ते सांगणे पुष्कळांस जमत नाही. पण पुढे ठेवलेली वस्तू पाहून ‘हे असे नको’ हे मात्र प्रत्येकास तत्काळ सांगता येते. दोघांच्या गरजा परस्परविरुद्धही निघतात. मुलांस मुदत वाढवून हवी असते, तर ग्रंथपालांस पुस्तक लवकर परत हवे असते. अशा वेळी निर्णय कोणी दिला व कोणत्या कारणाने दिला, हे लिहून ठेवणे अगत्याचे असते.

ज्यांस काम करावयाचे त्यांस नीट सामील करून घेतले नाही, म्हणजे काय होते, याचा दाखला लंडन शहराने दिला आहे. त्या शहराच्या रुग्णवाहिका सेवेत पूर्वी दूरध्वनी आला म्हणजे कर्मचारी त्याचा तपशील कागदावर लिहून घेई. पत्ता नकाशाच्या पुस्तकात शोधला जाई. तो कागद सरकत्या पट्ट्यावरून दुसऱ्या टेबलावर जाई आणि तेथील अनुभवी माणसे कोणती गाडी पाठवावी ते ठरवीत. ही पद्धत मंद होती हे खरे. म्हणून गाड्यांचे स्थान आपोआप जाणून योग्य गाडी स्वतः सुचविणारी संगणक-व्यवस्था उभारण्यात आली आणि २६ ऑक्टोबर १९९२ रोजी ती पूर्णपणे चालू झाली.

या व्यवस्थेच्या मुळाशी एक गृहीत होते. ते असे की, प्रत्येक गाडी कोठे आहे व मोकळी आहे की कामात, ही माहिती संगणकास जवळजवळ निर्दोष स्वरूपात सतत मिळत राहील. प्रत्यक्षात काही भागांत बिनतारी संदेश नीट पोहोचत नसत. धावपळीत कर्मचाऱ्यांकडून यंत्रावरील बटण दाबावयाचे राही किंवा क्रम चुके. कधी पथक नेमून दिलेल्या गाडीऐवजी दुसरीच गाडी घेऊन जाई. रस्त्यावर काम करणाऱ्यास हे सारे नित्याचे होते. परंतु गरजांचा दस्तऐवज तयार करण्यात रुग्णवाहिकांवरील कर्मचाऱ्यांचा सहभाग फार थोडा होता. आधीच्या कामगार-तंट्यामुळे व्यवस्थापक व कर्मचारी यांच्यात विश्वासही उरला नव्हता. परिणाम असा झाला की, संगणकास गाड्यांची खरी स्थिती कळेनाशी झाली. एकाच रुग्णाकडे दोन गाड्या जाऊ लागल्या, तर दुसरीकडे एकही जाईना. न सुटलेल्या सूचनांचा पडद्यावर ढीग साचला. मदत न आल्यामुळे लोक पुनःपुन्हा दूरध्वनी करू लागले व त्यामुळे भार आणखी वाढला. दुसऱ्या दिवशी सेवेने अंशतः जुन्या पद्धतीचा आश्रय घेतला, आणि ४ नोव्हेंबरच्या पहाटे संगणक थंडावल्यावर पूर्णपणे कागद व दूरध्वनी यांवरच काम चालवावे लागले.

चौकशी समितीचा अहवाल १९९३ साली आला. त्यात दोष अनेक निघाले: मुदत अशक्यप्राय होती, चाचण्या अपुऱ्या होत्या, प्रशिक्षण कमी होते. परंतु या सर्वांच्या मागे असलेली गोष्ट आपण विशेष ध्यानात घ्यावी. जो दस्तऐवज तयार झाला होता तो अत्यंत तपशीलवार होता. म्हणजे उणीव पानांची नव्हती, माणसांची होती. पुढे याच सेवेने टप्प्याटप्प्याने व कर्मचाऱ्यांस सोबत घेऊन नवी व्यवस्था उभारली. ती १९९६ साली सुरू झाली आणि चालली.

गरज सापडली म्हणजे ती लिहावी लागते, आणि लिहिण्यातही शास्त्र आहे. ‘यादी लवकर दिसावी’ हे वाक्य निरुपयोगी आहे. कारण एकाचे ‘लवकर’ ते दुसऱ्याचे ‘उशिरा’ असते. ‘दाखल क्रमांक दिल्यावर २ सेकंदांच्या आत पुस्तकाची नोंद दिसावी’ असे लिहिले, म्हणजे ते घड्याळ लावून तपासता येते. जी तपासता येत नाही ती गरज नव्हे, ती इच्छा होय. गरजा स्थूलमानाने दोन प्रकारच्या असतात. काय करावयाचे, हे सांगणाऱ्या एक. आणि ते कसे, म्हणजे किती वेगाने, किती सुरक्षितपणे, किती विश्वासार्हतेने करावयाचे, हे सांगणाऱ्या दुसऱ्या. नवशिक्याचे लक्ष पहिल्या प्रकाराकडेच असते. पण वस्तू टाकाऊ ठरते ती पुष्कळदा दुसऱ्या प्रकाराकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. प्रत्येक गरजेस क्रमांक देतात. ती कोणी सांगितली, कशासाठी सांगितली आणि पूर्ण झाली हे कोणत्या चाचणीने कळेल, या तीन गोष्टी त्या क्रमांकापुढे नोंदवितात.

यांपैकी ‘कशासाठी’ हा रकाना सर्वांत सहज रिकामा राहतो आणि तोच अखेरीस सर्वांत महाग पडतो. कारण गरजा स्थिर राहत नाहीत. नियम बदलतात, माणसे बदलतात, ज्या परिस्थितीसाठी वस्तू केली ती परिस्थितीच पालटते. उद्या शाळेने दंड बंद केला, तर दंडाशी निगडित किती गरजांना धक्का लागतो हे क्रमांकांच्या आधारे शोधता आले पाहिजे. म्हणून बदलांची निराळी नोंदवही ठेवतात. बदल मागणाऱ्यास लगेच ‘हो’ म्हणत नाहीत व ‘नाही’ही म्हणत नाहीत, त्याने कोठे कोठे परिणाम होईल, वेळ व पैसा किती लागेल हे पाहून मग ठरवितात. गरजा सांभाळणे म्हणतात ते हेच. परंतु नव्या गरजा तपासणे जितके आवश्यक, तितकेच जुन्या गरजांचे प्रयोजन उरले आहे की नाही हे पाहणेही आवश्यक असते. या दुसऱ्या गोष्टीचा विसर पडला तर काय घडते, हे एका अग्निबाणाच्या कथेवरून कळेल.

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, फ्रेंच गियानात, कुरू नावाचे प्रक्षेपण-केंद्र आहे. भारताचा ‘ॲपल’ हा उपग्रह १९ जून १९८१ रोजी तेथूनच ‘एरियन’ जातीच्या युरोपीय अग्निबाणाने अवकाशात गेला होता. या जातीचा नवा व अधिक बलवान अग्निबाण ‘एरियन ५’ हा ४ जून १९९६ रोजी प्रथमच उडाला. पृथ्वीच्या चुंबकीय परिसराचा अभ्यास करणारे ‘क्लस्टर’ नावाचे चार उपग्रह त्यावर होते. उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर अग्निबाण आपल्या मार्गावरून एकाएकी वळला, मोडला व नष्ट झाला. फ्रेंच गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले गेले. यंत्रांत बिघाड नव्हता, इंधनात दोष नव्हता. कारण सॉफ्टवेअरमध्ये होते, आणि नेमके सांगावयाचे तर एका जुन्या गरजेमध्ये होते.

अग्निबाणाची दिशा व गती मोजणारे एक उपकरण असते. ‘एरियन ५’ वरील हे उपकरण व त्याचे सॉफ्टवेअर बव्हंशी ‘एरियन ४’ वरून घेतलेले होते. त्यात एक गणना अशी होती की, तिचे काम उड्डाणापूर्वी उपकरण नीट जुळविण्याचे. उड्डाण झाल्यावर तिचा काही उपयोग नसे. तरीही ती उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंद चालू ठेवलेली होती. का? तर पूर्वीच्या अग्निबाणांत उलटी गणती अगदी शेवटच्या क्षणी थांबवावी लागली, तर उपकरण पुन्हा जुळविण्यात ४५ मिनिटे अथवा अधिक वेळ जाऊ नये म्हणून. त्या काळी हे कारण रास्त होते, आणि १९८९ साली एका उड्डाणात या सोयीचा उपयोगही झाला होता. ‘एरियन ५’ ची तयारीची पद्धत मात्र निराळी होती. तेथे या सोयीची गरजच नव्हती. परंतु जे नीट चालते आहे त्यास हात लावू नये, अशा विचाराने ती तशीच राहिली.

आता दुसरा धागा पाहू. या गणनेत एक मोठी संख्या १६ बिटांच्या लहान जागेत लिहावी लागे. अशा जागेत ३२,७६७ हून मोठी पूर्ण संख्या मावत नाही. धोक्याच्या अशा सात राशी होत्या. त्यांपैकी चार राशींस सुरक्षेची व्यवस्था केली होती व तीन तशाच सोडल्या होत्या. कारण संगणकावरील भार ८० टक्क्यांहून अधिक असू नये अशी एक गरज होती, आणि या तीन राशी इतक्या वाढणारच नाहीत असे मानले गेले होते. ‘एरियन ४’ च्या बाबतीत ते खरेच होते. पण ‘एरियन ५’ ची आडवी गती पाचपट त्वरेने वाढत असे. तिच्याशी निगडित असलेली राशी ठरलेल्या जागेत मावेनाशी झाली, आणि उपकरणाचा संगणक बंद पडला. पर्यायी म्हणून ठेवलेल्या दुसऱ्या उपकरणातही तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे ते त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडले होते. बंद पडताना उपकरणाने पाठविलेली दोषसूचना मुख्य संगणकाने खरी माहिती समजून घेतली, आणि अग्निबाण जोराने वळविला. म्हणजे ज्या गणनेची जरुरीच नव्हती, तिनेच अग्निबाणाचा घात केला.

चौकशी मंडळाच्या दोन निष्कर्षांकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. पहिला असा की, या उपकरणासाठी लिहिलेल्या गरजांमध्ये ‘एरियन ५’ च्या प्रत्यक्ष मार्गाची माहिती समाविष्टच नव्हती. म्हणून त्या मार्गावर उपकरण टिकेल की नाही याची चाचणीही झाली नाही. अपघातानंतर तो मार्ग घेऊन प्रयोगशाळेत अनुकरण केले, तेव्हा तीच घटनामालिका पुन्हा घडली. दुसरा असा की, तीन राशी असुरक्षित सोडण्यामागचे कारण आज्ञावलीत कोठेही नोंदलेले नव्हते. कागदपत्रांच्या प्रचंड ढिगात ते, कोणाचाही हेतू नसताना, झाकले गेले होते. निर्णय घेणारांनी विचार केला होता. त्यांचा विचार त्यांच्या अग्निबाणापुरता बरोबरही होता. परंतु तो विचार पुढच्या पिढीपर्यंत पोहोचला नाही. पोहोचला तो केवळ निर्णय.

नष्ट झालेल्या उपग्रहांच्या जागी नवे क्लस्टर उपग्रह २००० साली सोडण्यात आले. ‘एरियन ५’ ही सुधारला गेला आणि ५ जुलै २०२३ रोजी निवृत्त होईपर्यंत तो जगातील भरवशाच्या अग्निबाणांत गणला जात होता. त्यामुळे या कथेचे तात्पर्य ‘जुने वापरू नये’ असे काढणे चुकीचे होईल. जुने अवश्य वापरावे. पण ते कोणत्या परिस्थितीसाठी केले होते ते वाचून वापरावे. आणि ते वाचता यावे म्हणून, करणाऱ्याने ते लिहून ठेवावे.

लंडन व कुरू येथील दोन घटना वरवर पाहता अगदी भिन्न आहेत. एकीत गरज कोणाची हे नीट पाहिले गेले नाही. दुसरीत गरज कशासाठी हे विसरले गेले. ‘कोणाची’ व ‘कशासाठी’ हे दोन प्रश्न जिला जोडलेले नाहीत, अशी गरज कितीही सुबक अक्षरांत लिहिली तरी ती अपुरीच होय. आज तर यंत्रेच आज्ञावली लिहून देऊ लागली आहेत, आणि लिहिण्याचे श्रम झपाट्याने कमी होत आहेत. त्यामुळे काय लिहावयाचे ते ठरविण्याचे काम संपले असे कोणी समजू नये. उलट चुकीची वस्तू आता अधिक लवकर तयार होऊ शकते, एवढाच त्याचा अर्थ.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी काही जण पुढे या उद्योगात शिरतील. गणित व तर्क यांची तयारी त्यांस करावी लागेलच. परंतु दुसऱ्याचे बोलणे धीराने ऐकणे, न बोललेले ओळखून पुन्हा विचारणे, आणि ऐकलेले नेमक्या व संशयरहित वाक्यांत लिहिणे, हे गुणही तितकेच लागतील. हे गुण संगणकाच्या खोलीत नव्हे, तर भाषेच्या तासाला व घरच्या मंडळींशी बोलताना अंगी येतात. जे या उद्योगात शिरणार नाहीत, त्यांसही आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेल्या अशा व्यवस्थांच्या रांगेत उभे राहावे लागेल. तेव्हा कोणी आपणांस ‘तुमचे काम कसे चालते?’ असे विचारावयास आला, तर त्यास दोन वाक्यांत वाटेला लावू नये. त्याला शेजारी बसवून घ्यावे, रोजचे क्षुल्लक वाटणारे तपशीलही सांगावे, आणि प्रत्येकाचे कारणही सांगावे. ते तपशील आपल्यावाचून दुसऱ्या कोणास ठाऊक नसतात.